कपल थेरपीत एकेकट्याला भेटावं का?

अनुस्वार:
माझ्या मते अजिबात नाही. इथे उपचार नात्यावर चालू असतात. एकट्याच्या सेशनमध्ये नवरा म्हणाला, ‘माझं बाहेर प्रकरण आहे, तिला सांगू नका’, की थेरपिस्ट अडकला. पुढच्या वेळी बायको विचारते, ‘हा हल्ली असा तुटक का वागतो?’ आणि खोलीतल्या तिघांपैकी दोघांना उत्तर ठाऊक असतं. नंतर ते फुटलं, तर तिचा थेरपीवरचाही विश्वास उडतो.

शमी:
असहमत. मारहाण करणारा शेजारी बसलेला असताना कोण खरं बोलेल? आणि धीर करून बोललंच, तर घरी गेल्यावर त्याचा वचपा निघतो. म्हणून नेमके प्रश्न एकट्यालाच विचारायचे: भांडणात हात उगारला जातो का? पैसे आणि फोन कुणाच्या ताब्यात असतात? ‘नाही’ म्हणायची भीती वाटते का? धाक दिसला तर एकत्र सेशन बंद, आधी सुरक्षितता. जेकबसन आणि क्रिस्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांच्या कपल थेरपीच्या पद्धतीत सुरुवातीचा क्रमच ठरलेला आहे: एक सेशन एकत्र, मग प्रत्येकाचं एकेक, चौथ्यात दोघांसमोर निष्कर्ष.

अनुस्वार:
हिंसेची चाचपणी हवीच. पण वेगवेगळी प्रश्नावली भरून घेऊनही ती होते.

शमी:
घरी दिलेली प्रश्नावली जोडीदार वाचतो. गुपितांचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी संमतीपत्रात करावा: एकट्याने सांगितलेलं नात्यावर परिणाम करणारं असेल, तर थेरपिस्ट ते लपवून ठेवणार नाही. प्रकरण असेल तर ते स्वतः सांगायला किंवा संपवायला मुदत द्यायची. दोन्हीला नकार असेल तर एकत्र काम थांबवायचं. हिंसेची माहिती मात्र या नियमातून वगळलेली असलीच पाहिजे. ती ओळ राहून गेली, तर जीवावर बेतू शकतं.

बोरू:
एकाला संसार टिकवायचाय आणि दुसरा निघायच्या बेतात आहे, अशी जोडपी तुम्ही दोघांनीही सोडलीत. त्यांच्यासाठी अमेरिकन फॅमिली थेरपिस्ट बिल डोहर्टींची पद्धत आहे: जास्तीत जास्त 5 सेशन, आणि त्यातला बराचसा वेळ एकेकट्याशीच. तिथे नातं दुरुस्त करत नाहीत. प्रयत्न करायचा की नाही, एवढंच ठरवतात. करायचा ठरलं, तर 6 महिने घटस्फोटाचा विषय बाजूला ठेवून थेरपी.

अनुस्वार:
सुरुवातीपुरतं समजू शकतो. खरी गडबड पुढे होते. दोन सेशनच्या मध्ये एकाचा फोन येतो, ‘तिच्यासमोर बोलता आलं नाही.’ तो ऐकून घेतला की दुसऱ्यालाही आपली बाजू वेगळी मांडावीशी वाटते, आणि सेशनमध्ये बोलण्यासारखं काही उरत नाही. ‘पुढच्या वेळी सुरुवातीलाच मांडा’, एवढंच सांगून फोन ठेवावा.

शमी:
आधी ‘आत्ता घरी सुरक्षित आहात ना?’ हे विचारावं, मग ठेवावा.