निवृत्तीनंतर मॉरिशस : महिनाभर पाहणीला जायचे, तर काय पाहावे?

प्रश्न : संत्राबाग, वरुड तालुका

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून माझे वय ६१ वर्षे आहे. गावात सहा एकर शेती आहे आणि त्यातील तीन एकरांत संत्रा आहे. गेले दोन उन्हाळे पत्नीला फार जड गेले. मागच्या वर्षी तिला ऊन लागून चार दिवस दवाखान्यात सलाईनवर ठेवावे लागले. तेव्हापासून मॉरिशसला कायमचे राहावयास जाण्याचा विचार मनात घोळत आहे. तिथे मराठी वंशाची कुटुंबे आहेत, शाळांतून मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या मे महिन्यात तिथे हिवाळा सुरू होत असतो. निर्णयापूर्वी येत्या मे महिन्यात तिथे महिनाभर राहून यावे, असे आम्ही ठरवले आहे. त्या महिन्यात नेमके काय तपासावे, आणि शेतीची व्यवस्था कशी लावावी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : आर्वीकर

गुरुजी, माझा मुलगा तिथे नोकरीला असताना मी दोन खेपांत मिळून तीन महिने राहून आलो आहे. पाहणीसाठी मे महिना निवडू नका, कारण तेव्हा तो देश सर्वांनाच आवडतो. फेब्रुवारीत जा. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम असतो. इशारे पहिल्यापासून चौथ्या वर्गापर्यंत चढत जातात आणि तिसरा वर्ग जाहीर झाला की बस थांबतात व माणसे घरात बसतात. पारा आपल्यासारखा चढत नाही, परंतु हवेत दमटपणा इतका असतो की अंगावरचा घाम वाळत नाही आणि आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तिथे काहीच कामाचा नाही. वहिनींना कोरडे ऊन सोसत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. दमट उकाडा सोसतो का, हे फेब्रुवारीच सांगेल. बेट वर्धा जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान आहे, तरी किनाऱ्यावरचे पोर्ट लुई आणि पठारावरचे क्युरपिप यांच्या हवेत मोठा फरक आहे. क्युरपिप थंड असते, पण तिथे पाऊस आणि ओल फार. म्हणून पंधरा दिवस किनाऱ्यावर आणि पंधरा दिवस पठारावर, हॉटेलात न राहता भाड्याच्या घरात राहावे आणि स्वयंपाक स्वतः करावा. बरेचसे अन्नधान्य बाहेरून येत असल्यामुळे रोजच्या बाजाराचा खर्च वहीत लिहून ठेवल्याशिवाय अंदाज येत नाही.

भाषेविषयी मनापासून सांगतो. तिथल्या मराठी मंडळींचे पूर्वज प्रामुख्याने कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातून गिरमिटिया मजूर म्हणून गेले. १८३४ नंतर ज्या आप्रवासी घाटावर असे लाखो मजूर उतरले, तो पोर्ट लुईला आजही पाहता येतो. गणपतीत त्यांची झाकरीची पारंपरिक गाणी ऐकताना माझे डोळे भरून आले होते. परंतु त्यांच्या घरात रोजची बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली भाषा, आहे. दुपारी ओट्यावर बसून मराठीत सुखदुःख बोलणारी शेजारीण मिळेल, असे गृहीत धरू नका. पत्नीला तिथे एकटे वाटले, तर हवा कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

औषधांच्या चिठ्ठीवर कंपनीची नावे न लिहिता मूळ औषधांची नावे डॉक्टरांकडून लिहून घ्या. भारताबाहेरचे पहिले जनऔषधी केंद्र २०२४ मध्ये मॉरिशसमध्येच सुरू झाले आहे. आपली औषधे कुठे आणि किती किमतीला मिळतात, ते पहिल्याच आठवड्यात पाहावे.

उत्तर : धामणगाव रेल्वे

मी बँकेतून निवृत्त झालो असल्यामुळे पैशाकडे आणि जमिनीकडे आधी लक्ष वेधतो. मॉरिशसचा निवृत्तांसाठीचा परवाना वयाच्या पन्नाशीनंतर मिळतो, परंतु त्यासाठी दरमहा ठरावीक किमान रक्कम डॉलरमध्ये बाहेरून तिथे आणावी लागते. ती रुपयांत सव्वा लाखाच्या पुढे जाते. शिक्षकाच्या निवृत्तिवेतनात ती बसते का, हे तिकिटे काढण्यापूर्वी पाहावे, कारण बसत नसेल तर पाहणीचा हेतूच बदलतो.

कायमचे गेल्यावर आपण अनिवासी ठराल. आज आपल्या नावावर असलेली शेती ठेवता येते, सातबाऱ्यावरचे नाव जात नाही. मात्र अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे जाण्याच्या खर्चासाठी एक एकर विकला, तर पुढे परत येईपर्यंत तो पुन्हा घेणे शक्य होणार नाही. बचत खातेही अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यायचा, हे कोषागारात विचारून घ्यावे. पाहणीच्या महिन्यापुरते शेत मक्त्याने देण्याची गरज नाही, परंतु कायमचे जाताना लेखी करार आणि विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र हवेच.

उत्तर : मेळघाट पायथा

गुरुजी, मी वयाने लहान आहे, तरी एक विचारते. आपल्याला देश बदलायचा आहे की फक्त उन्हाळा टाळायचा आहे? माझ्या सासूबाईंनाही हाच त्रास होता. आम्ही दोन वर्षे एप्रिल आणि मे महिन्यांत नेपाळमधील पोखऱ्याला भाड्याने घर घेतले. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही आणि दुकानांच्या पाट्या देवनागरीत असल्यामुळे सासूबाई एकट्या भाजी आणत असत. जून लागला की तिथे मुसळधार पाऊस असतो, म्हणून आम्ही पेरणीच्या आत परतत होतो. घर आणि शेत जागच्या जागी राहिले.

संत्राबाग, वरुड तालुका

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. माझे निवृत्तिवेतन परवान्यासाठी लागणाऱ्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी आहे, हे आज हिशेब मांडल्यावर स्पष्ट झाले. पत्नीला तिन्ही उत्तरे वाचून दाखवली. शेजारणीविषयीच्या वाक्यापाशी तिने मला थांबवले आणि ते पुन्हा वाचायला सांगितले. फेब्रुवारीत संत्र्याच्या आंबिया बहाराचा फुलोरा असतो आणि पाण्याच्या पाळ्या चुकवून चालत नाही, त्यामुळे तेव्हा बाग सोडणे मला जमणार नाही. एप्रिलमध्ये पोखऱ्याला जाण्याचे आम्ही ठरवत आहोत. मेळघाट पायथा ताई, तिथे तळमजल्यावरचे घर किती आधी बोलून ठेवावे लागते, हे कृपया कळवावे; पत्नीचे गुडघे दुखतात.