रात्रभर चार्जिंग, वऱ्हाडचा उन्हाळा आणि फोनच्या बॅटरीचे आयुष्य

प्रश्न : अकोलेकर

नमस्कार. सव्वादोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या पत्नीने एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे फोन घेतले. आज माझ्या फोनची सेटिंग उघडली की बॅटरीची उरलेली क्षमता ८१ टक्के दिसते आणि तिच्या फोनची ९१. दोघांचाही फोन दिवसाचे साधारण तितकेच तास वापरात असतो, म्हणून या फरकाचे मला नवल वाटले.

माझी पद्धत अशी की, रात्री झोपताना फोन उशाशी चार्जिंगला लावायचा आणि सकाळी शंभर टक्के भरलेला काढायचा. दिवसा कामानिमित्त गाडीतून फिरावे लागते, तेव्हा तो समोरच्या काचेला लावलेल्या स्टँडवर असतो, नकाशा चालू असतो आणि चार्जरही जोडलेला असतो. पत्नी मात्र स्वयंपाक करताना अर्धा तास, दुपारी वीस मिनिटे, असा दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा चार्ज करते. ‘सारखी पिन लावून बॅटरीची वाट लावशील’ असे मीच तिला दोन वर्षे ऐकवत आलो आहे. आमचे बाबा आणखी वेगळे सांगतात: फोन पूर्ण बंद पडेपर्यंत वापरावा आणि मगच चार्ज करावा. या तिघांत बरोबर कोण आहे?

उत्तर : घटपट

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. आपल्या बाबांचा सल्ला चुकीचा नाही, तो जुना आहे. पूर्वीच्या फोनांतली निकेल-कॅडमियम बॅटरी अर्धवट रिकामी करून पुन्हा पुन्हा भरली की तिची उपयोगी क्षमता कमी झाल्यासारखी होत असे, म्हणून ती अधूनमधून पूर्ण उतरवावी असे सांगितले जाई. सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या आणि आजच्या फोनांत असणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीला हा दोष व्यवहारात जाणवत नाही. उलट ती वारंवार शून्यापर्यंत नेणे तिला जाचते.

पिन किती वेळा लावली, यावर बॅटरीची झीज मोजली जात नाही. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के वापर झाला, तर दोन्ही मिळून एकच चक्र, म्हणजे शंभर टक्के वापर, धरले जाते. ॲपल आयफोन १५ आणि त्यापुढच्या फोनविषयी सांगते की आदर्श परिस्थितीत १००० पूर्ण चक्रांनंतरही बॅटरीत मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता राहील. त्याआधीच्या आयफोनसाठी हाच आकडा ५०० होता. तेव्हा वहिनींची पद्धत आपल्यापेक्षा चांगली आहे, आणि दोन वर्षांच्या बोलण्याचे काय करायचे ते आपण घरीच ठरवा.

खरा प्रश्न बॅटरी किती भरलेल्या स्थितीत किती वेळ राहते, हा आहे. घट (बॅटरीतला सेल) पूर्ण भरला की त्याचा विद्युतदाब ४.२ व्होल्टपर्यंत, नव्या फोनांत त्याहून थोडा वरही, जातो. या दाबाला आतल्या रासायनिक द्रावाच्या नको असलेल्या प्रक्रिया वेगाने होतात, बॅटरीच्या ऋण टोकाच्या ग्रॅफाइटवर बसणारा थर हळूहळू जाड होत जातो आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. फोन मध्यरात्रीच भरत असेल, तर पुढचे पाच-सहा तास तो याच ताणात काढतो. बहुतेक नव्या फोनांत ८० टक्क्यांवर थांबण्याची किंवा उरलेले चार्जिंग उठण्याच्या वेळेपर्यंत लांबवण्याची सोय असते. ती आधी चालू करा.

उत्तर : टेबलावरचा कारागीर

सरांनी शास्त्र सांगितले, मी माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर जे येते ते सांगतो. फुगलेल्या बॅटऱ्या मे-जूनमध्ये सर्वांत जास्त येतात आणि त्यांतले बरेच फोन गाडीच्या काचेवर राहणाऱ्यांचे असतात. ॲपल आपला फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगते. अकोल्याचा मे महिना सावलीतच त्याच्या कितीतरी वर असतो आणि काचेमागचे तापमान तर विचारूच नका. त्यात नकाशा, उजळलेला पडदा आणि चार्जिंग, म्हणजे तीन शेगड्या एकदम पेटवल्यासारखे आहे. माझ्या मते आपला फरक रात्रीच्या चार्जिंगपेक्षा या काचेने जास्त पाडला आहे. स्टँड एसीच्या झोतासमोर लावा आणि फोन तापला की चार्जर काढून टाका.

उशीखाली किंवा गादीवर चार्जिंगला लावू नका, जाड कव्हर असेल तर तेवढ्यापुरते काढा. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवणारेही भेटतात. त्याने आत पाणी धरते आणि काम वाढते (माझे). फास्ट चार्जिंगला घाबरायचे कारण नाही, कारण बॅटरी भरत आली की फोन स्वतःच वेग कमी करतो, पण उन्हात ते टाळावे. बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले असेल, तर दाबून बसवू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका.

उत्तर : भारनियमनग्रस्त

मला हे ८० टक्क्यांचे प्रकरण पटत नाही. आमच्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि संध्याकाळी फोनमध्ये २० टक्के कमी असणे म्हणजे अडचणीच्या वेळी फोन बंद असणे. पाच वर्षांनी चांगली राहणारी बॅटरी मिळावी म्हणून मी आजपासूनच कमी बॅटरीचा फोन का वापरावा? दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलून घेणे मला सोपे वाटते.

उत्तर : घटपट

आपला आक्षेप रास्त आहे. ही मर्यादा पाळलीच पाहिजे असे नाही. वीज जाण्याची शक्यता असेल किंवा प्रवास असेल, तेव्हा पूर्ण भरावे. शंभरपर्यंत भरून लगेच वापरायला घेतलेली बॅटरी फारशी बिघडत नाही, शंभरावर तासन्‌तास गरम ठेवलेली बिघडते. घरात पडून असलेला जादा फोन मात्र साधारण ५० टक्के भरून, बंद करून, थंड जागी ठेवावा.

प्रश्न : अकोलेकर

सर्वांचे आभार. काचेवरचा स्टँड आजच काढला. शेवटची शंका अशी की ८१ हा आकडा सवयी सुधारून पुन्हा वर जाईल का? शिवाय हल्ली फोन १५ टक्के दाखवत असतानाच कधीकधी अचानक बंद पडतो, ते कशामुळे?

उत्तर : टेबलावरचा कारागीर

गेलेली क्षमता परत येत नाही, पुढची घसरण मंदावते एवढेच. जुन्या बॅटरीचा आतला विरोध (विजेच्या वाटेतला अडथळा) वाढलेला असतो, म्हणून कॅमेऱ्यासारखे जड काम सुरू झाले की विद्युतदाब एकदम पडतो आणि फोन बंद होतो. कधीकधी फक्त टक्क्यांचा हिशोब चुकलेला असतो; त्यासाठी एकदा फोन बंद पडेपर्यंत वापरून सलग शंभरपर्यंत भरावा. रोज नव्हे, नाहीतर बाबांचा सल्ला पुन्हा सुरू होईल. त्यानंतरही तो १५ वर बंद पडत असेल, तर बॅटरी बदला.