डाल्टन ट्रम्बो: नाव गेलं, लेखणी नाही

हॉलिवूडचा पटकथाकार डाल्टन ट्रम्बो काळ्या यादीत (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या यादीत) गेला आणि त्याचं लिखाण संपलं, असं काहीजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. पडद्यावरून गेलं ते फक्त त्याचं नाव.

१९४७ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्याने कम्युनिस्ट असण्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचं नाकारलं, आणि १९५० मध्ये तुरुंगात गेला. सुटल्यावर पडेल त्या पैशात, टोपणनावांनी लिहीत राहिला. रात्री बाथटबमध्ये बसून, समोर आडवी फळी टाकून, एका हातात सिगारेट. 'रोमन हॉलिडे' या चित्रपटाची कथा त्याचीच, पण नाव आणि ऑस्कर दोन्ही मित्र इयन मॅक्लेलन हंटरला मिळालं. १९५७ च्या ऑस्कर सोहळ्यात 'द ब्रेव्ह वन' या चित्रपटासाठी 'रॉबर्ट रिच' या त्याच्या टोपणनावाचा पुकारा झाला. ऑस्करची बाहुली घ्यायला दुसराच माणूस गेला, कारण या नावाचा लेखक नव्हताच! ते दृश्य आठवलं की आजही गलबलून येतं.

१९६० मध्ये 'स्पार्टाकस' आणि 'एक्झोडस'वर त्याचं खरं नाव झळकलं. 'ब्रेव्ह वन'चं ऑस्कर १९७५ मध्ये हाती आलं, आणि पुढच्याच वर्षी तो गेला. 'रोमन हॉलिडे'चं मात्र १९९३ मध्ये त्याच्या बायकोने, क्लिओने स्वीकारलं.