चौदा दिवस चालतील, बंद दार नाही

कोरोनाकाळातलं सक्तीचं हॉटेल-विलगीकरण म्हणजे तुरुंगवासच, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० च्या अखेरीपासून परदेशातून येणाऱ्यांना १४ दिवस हॉटेलात ठेवलं. त्यात हाल होते, लहान मुलं सोबत असली तर फारच. पण त्याच वर्षी मेलबर्नमध्ये अशा हॉटेलांतूनच संसर्ग बाहेर पसरला आणि अख्खं शहर तीन महिन्यांहून जास्त काळ घरात अडकलं. त्या लाखोंचं स्वातंत्र्यही मोजायला हवं ना?

माझा आक्षेप वेगळा आहे. मे २०२१ मध्ये त्याच सरकारने भारतात अडकलेल्या आपल्याच नागरिकांना परतायला बंदी केली, मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद! न्यूझीलंडमध्ये तर विलगीकरणाच्या खोल्यांसाठी चक्क सोडत निघायची. त्या पद्धतीने काही नागरिकांच्या मायदेशी परतण्याच्या हक्कावर असमर्थनीय बंधन आलं, असा निकाल तिथल्या हायकोर्टाने २०२२ मध्ये दिला. खोलीत १४ दिवस काढायला मी तयार आहे. पण आई अत्यवस्थ असताना आपला नंबर लागतो का, याची वाट कुणी का बघावी?