ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) लसूण भाजला की बाहेरून करपतो आणि आत कडक राहतो, काय चुकतंय?

निफाडची लेक (इंदिरानगर, नाशिक)

माझे वडील, अण्णा, ८१ वर्षांचे आहेत. दिवाळीनंतर गाव सोडून कायमचे आमच्याकडे राहायला आले. कवळी लागल्यापासून जेवण निम्म्यावर आलंय, आणि कच्च्या लसणाने छातीत जळजळतं म्हणून ठेचाही सोडलाय. परवा ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "माझी आई फुफाट्यात लसूण भाजायची, तसला असता तर अर्धी भाकरी जास्त गेली असती."

तो लसूण मलाही आठवतो. आमच्या चुलीला द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या असायच्या. रात्रीच्या भाकरी झाल्या की आजी विस्तव मागे सारायची आणि गरम राखेत अख्खे गड्डे पुरायची. पानं मांडेपर्यंत ते तयार. वरची सालं काळी झालेली, पण बुडाशी चिमटीत धरून दाबलं की पाकळी सुळकन बाहेर यायची, पिवळसर, मऊ, गोडसर. ती बोटानेच भाकरीवर पसरायची, वर मीठ आणि शेंगदाण्याचं कच्चं तेल.

फ्लॅटमध्ये चूल कुठून आणू? घरात ३० लिटरचा ओटीजी आहे, म्हणून त्यात तीनदा करून पाहिलं. पहिल्यांदा २०० अंशावर ४० मिनिटं, गड्डे तसेच उघडे ट्रेवर. बाहेरच्या पाकळ्या करपून कडू, आतल्या सुकलेल्या वाटाण्यासारख्या. दुसऱ्यांदा १६० वर २५ मिनिटं, तेव्हा कच्चाच राहिला. तिसऱ्यांदा पाकळ्या सोलून तेल लावून ठेवल्या, तर त्यांच्या कुरकुरीत चकत्या झाल्या. अण्णांना त्या चावणार कशा?

लसूण गावठी, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून आणलेला. कोणी नीट सांगेल का?

पाववाली काकू (कॉलेज रोड)

अगं, राखेने काय होत होतं ते बघ. गड्डा चारी बाजूंनी झाकला जायचा, आतली वाफ आतच राहायची, लसूण स्वतःच्या पाण्यात शिजायचा. ओव्हनमध्ये कोरडी हवा असते. उघडा ठेवलास की पाकळी शिजायच्या आत सुकते. तेव्हा आधी झाकायला शीक, अंशांचं नंतर बघू.

मी दर शनिवारी भाजक्या लसणाचे पाव करते, एका वेळी आठ-दहा गड्डे लागतात. गड्ड्याचं वरचं टोक सुरीने उडवायचं, इतकंच की प्रत्येक पाकळीचं तोंड दिसेल. सोलायचा नाही, फक्त सुटी सालं काढायची. वरून चमचाभर तेल सोडायचं आणि ते पाकळ्यांमध्ये उतरेपर्यंत मिनिटभर थांबायचं. मग फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचा. फॉइल नको असेल तर झाकणाचा स्टीलचा डबा घे, पण झाकणाला रबर किंवा प्लॅस्टिक नको. गावठी गड्डा लहान आणि कोरडा असतो, त्याच्या बुडाशी चमचाभर पाणी शिंपड.

१८० अंश, दहा मिनिटं आधी तापवलेला, दोन्ही रॉड चालू, मधली जाळी. गावठीला ३०-३५ मिनिटं, मोठ्या पाकळीच्या लसणाला ४५-५०. मग फॉइल उघडून आणखी सात-आठ मिनिटं, रंग येण्यापुरती. झाला का हे घड्याळाला विचारू नकोस. फडक्यात धरून गड्डा दाब. पिकल्या चिकूसारखा दबला तर झाला.

आणखी एक. ओटीजीच्या बटणावर १८० लिहिलंय म्हणजे आत १८० असतंच असं नाही. माझा जुना ओटीजी २५ अंश जास्त तापायचा, वर्षभर माझे पाव खालून काळे होत होते. शेवटी आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं.

मळेवाला (दिंडोरी)

काकूंनी पद्धत बरोबर सांगितली. मी लसणाबद्दल बोलतो. ताई, तुमचा लसूण बहुतेक गेल्या वर्षीचा आहे. आपल्याकडे रब्बीचा लसूण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. त्याआधी बाजारात जो असतो तो साठवणीतला, पाणी उडालेला. गड्डा हातात घेऊन दाबा. हलका आणि पोकळ लागला तर भाजायला घेऊ नका, फोडणीला वापरा. मधोमध हिरवा कोंब असेल तर तोही कडवट लागतो.

अण्णांसाठी मंदसौर-नीमचकडून येणारा मोठ्या पाकळीचा घ्या. वासाला गावठी सरस हे मीही मान्य करतो, पण भाजल्यावर मोठी पाकळी जास्त मऊ राहते आणि दाबून काढायला सोपी जाते.

छातीतल्या जळजळीचं म्हणाल तर, लसूण ठेचला किंवा चिरला की त्यातलं एक एन्झाइम जागं होऊन तो तिखट पदार्थ, ॲलिसिन, तयार करतं. पाकळी अख्खी तापली की ते एन्झाइम आधीच निकामी होतं. म्हणून भाजलेला लसूण सौम्य लागतो. तरी पहिल्या दिवशी दोनच पाकळ्या द्या.

घरचा स्वयंपाक (पंचवटी)

एकदम वीस गड्डे भाजा, पाकळ्या काढून तेलात बुडवा, बरणी ओट्यावर ठेवा. रोज ओव्हन लावायला नको, महिनाभर पुरेल.

अंबडचा लॅबवाला

वरची सूचना कृपया कोणी अमलात आणू नका. मी अन्नपदार्थ तपासण्याचंच काम करतो आणि ही गोष्ट खरोखर जिवावर बेतणारी आहे.

लसूण मातीतला, त्यावर बॉट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ओव्हन १८० वर असला तरी पाकळीत पाणी आहे तोवर ती आतून १०० च्या वर जात नाही, आणि तेवढ्याने ते बीजाणू मरत नाहीत. नंतर तेलात बुडवलं की हवा तुटते, आंबटपणा नसतोच, आणि ओट्यावरच्या उबेत विष तयार होतं. वास, चव, रंग काहीही बदललेलं कळत नाही. १९८५ साली कॅनडात व्हँकूव्हरला तेलातल्या चिरलेल्या लसणाच्या बाटलीमुळे तीसहून जास्त माणसं आजारी पडली होती. आपल्या लोणच्यात लिंबू, व्हिनेगर, मीठ असतं, त्याची गोष्ट वेगळी.

जास्त भाजायचा असेल तर तेलाविना झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस. त्याहून जास्त हवा असेल तर कुस्करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तसा एकेक खडा काढा. तेल खाताना घ्यायचं.

निफाडची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅबवाले दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मी बरणी धुवून पुसून ठेवली होती.

काल केला. रविवार कारंज्यावरून मोठ्या पाकळीचा लसूण आणला. स्टीलच्या डब्यात चार गड्डे, १८० वर ४५ मिनिटं, मग झाकण काढून आठ. चाळिसाव्या मिनिटाला वास जिन्यापर्यंत गेला, शेजारच्या वहिनी विचारायला आल्या. दाबल्यावर पाकळी अख्खी बाहेर आली, टोकाला तपकिरी, बाकी मधाच्या रंगाची.

अण्णांनी कुस्करलेल्या भाकरीवर दोन पाकळ्या बोटाने पसरल्या, तेल-मीठ घेतलं. काही बोलले नाहीत. ताट पुढे केलं, तेव्हा मी आणखी एक वाढली. रात्री जळजळ झाली नाही, सकाळी मुद्दाम विचारलं.

चहा पिताना म्हणाले, "मऊ आईसारखा झालाय. धूर नाही त्याला." मग थोड्या वेळाने, "एप्रिलात खरड छाटणी झाली की धाकट्याला काड्यांची एक मोळी आणायला सांग. गच्चीवर शेगडी पेटवू."