एप्रिलात गोव्यात काजूफेणीच्या भट्ट्या बघायच्यात, कुठे जावं?

नवरा-बायको, चार दिवस, मुक्काम पणजीत. बीच नकोत. फेणी गाळताना बघायची आहे, मग एखाद्या जुन्या बारमध्ये बसायचं. गेल्या खेपेला एका टूरवाल्याने 'भट्टी' म्हणून नुसतं दुकान दाखवलं!

सत्तरीकर:
एप्रिल म्हणजे ऐन हंगाम, बरोबर वेळ साधलीत. वाळपईच्या बाजूला या, पण सकाळी. गळालेले बोंडू (काजूची फळं) वेचून कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या हौदात, पायांनी तुडवतात. मग त्या लगद्यावर दगड ठेवला की जो नितळ रस ठिबकतो तो नीरो. तो दुपारपर्यंत आंबायला लागतो, म्हणून तिथेच प्या. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. आमच्या काकांच्या भट्टीवर अजून मडकंच आहे. धुराने डोळे चुरचुरतात, शर्टाचा वास दोन धुण्यांतही जात नाही. वहिनींना सांगा, जुने कपडे घाला.

मिरची_मीठ:
हुर्राक सोडू नका, हंगामानंतर मिळत नाही. लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. गोड लागते म्हणून फसू नका, आमचे मेहुणे तिसऱ्या ग्लासाला खुर्चीतच घोरायला लागले. बारसाठी पणजीतली जुनी वस्ती फोंताईन्यास, तिथल्या बारची जागा चिंचोळी, लवकर जा. कांदोळीला फेणीचं म्युझियमही आहे.

सत्तरीकर:
आणि स्कूटर नको, टॅक्सी करा.