मदत हवी आहे: न्यूटच्या टाकीचं पाणी थंड कसं ठेवायचं?

चिनी फायर-बेली न्यूटची (पाण्यात राहणारा, शेपटीवाला छोटा उभयचर प्राणी) जोडी आणायची आहे. आधी टाकी लावून ठेवतोय, म्हणून आत्ताच विचारून घेतो.

टाकी ६० × ३० × ३० सेंमी, पाणी १८ सेंमी, म्हणजे ३२ लिटरच्या आसपास. तळाला बारीक वाळू. खडे मुद्दाम टाळले, कारण खाण्यावर झडप घालताना खडाही गिळला जातो आणि आतड्यात अडकतो. जावा मॉस आणि अनुबियास या पाणवनस्पती लावल्यात, बाहेर येऊन बसायला कॉर्कची साल तरंगत ठेवली आहे. पाण्यात साचणारे अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी घटक शून्यावर टिकल्याशिवाय प्राणी आणणार नाही, त्याला चार-सहा आठवडे लागले तरी चालतील.

अडलंय ते तापमानावर. या जातीला १६ ते २० अंश मानवतं आणि माझ्याकडे दुपारी पाणी २६ वर जातं. पाणी गरम कसं करायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात, थंड करण्याबद्दल सगळे गप्प! एवढ्याशा टाकीला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) म्हणजे जरा अतीच वाटतं. पंख्याने भागेल का? पण त्यासाठी झाकण काढावं लागेल, आणि न्यूट तर ओल्या काचेवरून सहज वर चढतात. बर्फाच्या बाटल्या सोडायचा सल्ला मिळालाय, पण त्याने पाणी दिवसभर वरखाली होत राहील, म्हणून पटत नाही.

दुसरं म्हणजे टाकीच्या काठावर अडकवलेल्या हँग-ऑन फिल्टरची धार फार जोरात पडते. बदलू का?

घरच्यांना सोबत गप्पी मासे हवेत. मी नाही म्हणतोय. बरोबर ना?

उत्तर

गप्पी नकोतच. त्यांना लागतं गरम पाणी, यांना थंड. शिवाय न्यूटच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं, त्यामुळे टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवायची सवय सगळ्यांनाच लावा.

पंखा पाण्यावर तिरका मारा. बाष्पीभवनाने दोन-चार अंश उतरतात, मात्र दमट हवेत एवढा फरक पडत नाही. उडालेलं पाणी क्लोरीन काढलेल्या पाण्यानेच भरा. झाकणाऐवजी बारीक स्टीलची जाळी चारही बाजूंनी क्लिपांनी घट्ट बसवा, आणि वायर आत जाते ती फट आठवणीने बुजवा. बोटभर जागा त्यांना पुरते. टाकी खिडकीपासून लांब, जमिनीलगत ठेवली तर आणखी थोडा फरक पडेल.

धारेबद्दल तुमची शंका रास्त आहे, हे संथ पाण्यातले प्राणी. स्पंज फिल्टर घ्या, पण जुना लगेच काढू नका. दोन्ही काही आठवडे एकत्र चालू द्या, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू स्पंजवर बसतील.

हे सगळं करूनही दुपारचं पाणी रोज २४ च्या वरच राहिलं, तर चिलर घ्या. नाहीतर न्यूट आणू नका, हे स्पष्टच सांगतो.